मांडव्याची रो-रो की खाडीतली जंगल जेटी? दोघांच्या कोकणवारीआधी एवढं ठरवा

मुंबईहून दोघांनीच गाडी काढायची, वाटेत गाडीसकट बोटीत चढायचं आणि जमेल तितका वेळ समुद्राची सोबत सोडायची नाही, असा बेत असेल तर माझ्या मते दोनच रस्ते विचारात घ्यावेत. पहिला म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून रो-रोनं मांडवा, पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड, आगरदांड्याहून दिघी आणि मग दिवेआगर-श्रीवर्धन. दुसरा जरा लांबचा. रत्नागिरी-गणपतीपुळे ते हरिहरेश्वर हा किनारा, मध्ये तीन खाड्या जंगल जेटीनं, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या छोट्या बोटीनं, ओलांडत. आम्ही पहिला दोनदा केलाय. दुसराही दोनदा, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. या वर-खालीमुळे किती फरक पडतो हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आधी बोटी. दोन्हींना लोक ‘फेरी’च म्हणतात, पण त्यांची जात वेगळी आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेली रो-रो हे सरळसरळ जहाज आहे. जवळपास पाचशे माणसं आणि दीडशेच्या आसपास गाड्या पोटात घेते. गाडी खाली लावायची, हँडब्रेक ओढायचा आणि वर जायचं. गाडीत बसून राहता येत नाही, आणि हीच तिची खरी गंमत. साधारण तासभर दोघांच्याही हाताला काही काम नसतं. एका बाजूला कुलाब्याच्या इमारती आणि नौदलाची जहाजं, दुसऱ्या बाजूला घारापुरी, आणि थंडीत गेलात तर बोटीमागे ओरडत येणारे कुरव. तिकीट मात्र आधी ऑनलाइन काढा आणि धक्क्यावर बोटीच्या बऱ्याच आधी पोचा. शनिवारी सकाळी ‘बघू, मिळेल जागा’ असं म्हणत जाऊ नका.

जंगल जेटी म्हणजे नुसता सपाट तराफा, वर आभाळ. डेकवरचा माणूस ‘येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या’ करत तुमची गाडी टेम्पो आणि मोटारसायकलींच्या मध्ये अशी बसवतो, की आपलंच दार उघडताना पोट आत ओढावं लागतं. दहा-पंधरा मिनिटांत पैलतीर येतो. तिकीट तिथेच, सुट्टे जवळ ठेवा. बाकी बोटीवर बघण्यासारखं म्हणजे शाळेची पोरं, मासळीच्या पाट्या, गॅसचे सिलिंडर आणि लग्नाला निघालेलं एखादं कुटुंब. रो-रोवर आपण पर्यटक असतो. इथे गावचा रोजचा व्यवहार चाललेला असतो आणि आपण मधे उभे. मला हे जास्त आवडतं. नवऱ्याला रो-रो आवडते, कारण तिथे चहा मिळतो.

आता उलट्या-सुलट्याची गोष्ट. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे आणि गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाने चालते. मुंबईहून दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. म्हणजे समुद्र येतो चालवणाऱ्याच्या खिडकीत, आणि त्याला वळणांवरून नजर काढता येत नाही. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला डोंगर. पहिल्या खेपेला दिवेआगर ते श्रीवर्धन रस्त्यावर, शेखाडीच्या आसपास, जिथे समुद्र अक्षरशः रस्त्याला येऊन टेकतो, तिथे मी तासभर जांभा दगड आणि करवंदीच्या जाळ्या बघत होते. नवरा म्हणत होता, ‘अगं, काय दिसतंय बघ!’ मला त्याचा कान दिसत होता. परत येताना तोच रस्ता माझ्या खिडकीत आला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

पहिला रस्ता त्याच वाटेने परतीचा असल्यामुळे हा हिशेब आपोआप सुटतो. जाताना त्याचा समुद्र, येताना तुमचा. दुसऱ्यात तसं नाही, कारण एक बाजू मुंबई-गोवा महामार्गानेच करावी लागते. म्हणून दुसरा निवडलात तर उलटा करा. पहिल्या दिवशी मुकाट्याने महामार्गाने थेट रत्नागिरी गाठा. रखडलेल्या कामांचा सगळा वैताग एकाच दिवसात संपवून टाका. दुसऱ्या दिवसापासून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे, मालगुंड, मग जयगडहून तवसाळ, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, धोपाव्याहून दाभोळ, हर्णे, आंजर्ले, केळशी, आणि शेवटी वेश्वीहून बागमांडला. सगळा वेळ समुद्र डाव्या हाताला. उतरून फोटो काढायचे तर गाडीही समुद्राच्याच बाजूला थांबते, रस्ता ओलांडायला नको.

खाण्याराहण्याचं फार लांबवत नाही. अलिबाग-नागाव पट्ट्यात हॉटेलं पैशाला पासरी आहेत, पण शनिवार-रविवारी भाव चढलेले असतात आणि चौलच्या पोफळीच्या वाड्यांमधल्या अरुंद रस्त्यावर गाड्या एकमेकींना अडवून उभ्या. गुहागर, केळशी, आंजर्ले इथे घरगुती सोयी छान, फक्त जेवायचं सकाळीच फोन करून सांगा. दुपारी दीडला जाऊन ‘काय आहे?’ विचारलंत तर सोलकढीही मिळणार नाही. मासे खाणाऱ्यांनी हर्ण्याच्या बंदरावरचा लिलाव चुकवू नये. घेतलं नाही तरी सुवर्णदुर्ग समोर ठेवून चाललेली ती बोली ऐकण्यासारखी असते.

वेळेच्या बाबतीत मात्र जंगल जेटीचा रस्ता फसवा. नकाशावर दाभोळ-धोपावे म्हणजे बोटभर अंतर, पण बोट चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत बसून राहायचं, आणि शेवटची चुकली तर विचारूच नका. वरून खाली केलेल्या त्या सहलीत आम्ही हेदवीच्या बामणघळीपाशी लाटा मोजत बसलो आणि तवसाळला पोचलो तेव्हा धक्क्यावर एक कुत्रं आणि बंद टपरी. पलीकडे जयगडचे दिवे दिसत होते. मग अंधारात भातगावच्या पुलावरून वळसा. त्या रात्री गाडीत जे संभाषण झालं ते इथे लिहीत नाही. शेवटच्या फेरीची वेळ सकाळीच विचारून घ्या, आणि तिथून मागे वेळ मोजत दिवस आखा.

रो-रोत ही धास्ती नाही, पण तिचं स्वतःचं एक दुखणं आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. तेव्हा गाडी वळवा आणि अटल सेतूवरून पेण-वडखळ मार्गे जा. जानेवारी २०२४ मध्ये सेतू झाल्यापासून ‘मग रो-रो कशाला?’ असं विचारणारे वाढलेत. नुसतं पोचायचं असेल तर प्रश्न बरोबर आहे. पण सेतूवर एक जण गाडीच चालवत असतो.

मग निवडायचं काय? हातात दोन रात्री असतील तर रो-रो, डोळे मिटून. त्यातही पहिल्याच दिवशी श्रीवर्धन गाठायचा हट्ट नको. जंजिरा बघायचा असेल तर राजपुरीच्या होड्यांत अर्धा दिवस जातो, म्हणून मुरुडला मुक्काम करा आणि सकाळी आगरदांड्याची जंगल जेटी पकडा. म्हणजे छोट्या बोटीची हौसही थोडी भागते. चार रात्री असतील तर दुसरा रस्ता, आणि तो खालून वरच. तीन रात्रींत दोन्ही जोडायचा मोह होईल, कारण बागमांडल्यावरून श्रीवर्धन जवळच आहे. करू नका. तुमच्यापैकी एक जण तीन दिवस नुसता ड्रायव्हर होऊन घरी येईल.

पुण्याहून निघणार असाल तर रो-रोचा विचारच सोडा, फक्त बोटीसाठी मुंबईत शिरणं शहाणपणाचं नाही. ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत आधी हरिहरेश्वर गाठा, बागमांडल्याहून वेश्वीला उतरून केळशी-आंजर्ल्यापर्यंत जा आणि त्याच वाटेने परत या. जाताना कोण चालवणार आणि येताना कोण, हे घरूनच ठरवून निघा.