कोर्ट-मार्शल की दिवाणी दावा?

अमेरिकी नौदलातल्या एकीचा खासगी फोटो तिच्याच तुकडीतल्या माजी मित्राने ग्रुपवर टाकला, असं समजा. तिच्यासमोर दोन वाटा आहेत: लष्करी कायद्याचं कलम ११७अ (संमतीविना खासगी फोटो पसरवणं हा गुन्हा, खटला कोर्ट-मार्शलसमोर) किंवा २०२२ पासून लागू झालेला केंद्रीय दिवाणी दावा.

सिद्ध काय करायचं? खरी मेख इथेच आहे. २०१७ च्या ‘मरीन्स युनायटेड’ प्रकरणानंतर (या फेसबुक ग्रुपवर महिला सैनिकांचे नग्न फोटो फिरवले गेले होते) आलेल्या ११७अ मध्ये संमती नव्हती एवढं दाखवून भागत नाही. त्या कृत्याचा लष्करी कामाशी किंवा वातावरणाशी थेट, ठोस संबंधही लागतो. फोटो तुकडीच्या ग्रुपवर फिरला तर तो दाखवता येतो; गावाकडच्या मित्रांत फिरला तर अवघड. शिवाय पुरावा निःसंशय हवा. दिवाणीत लष्करी संबंधाची अट नाही आणि पारडं जरा झुकलं तरी पुरतं. फोटो काढायला दिलेला होकार म्हणजे पसरवायला होकार नव्हे, हेही दिवाणी कायद्यात स्पष्ट लिहिलंय.

खर्च? लष्करात सरकारी वकील लढतो. २०२३ अखेरपासून खटल्याचा निर्णयही कमांडरकडे नाही, स्वतंत्र अभियोक्त्याकडे आहे. (हे फार आधी व्हायला हवं होतं.) दिवाणीत वकील स्वतःचा. जिंकल्यास प्रत्यक्ष नुकसानाची किंवा ठरावीक १,५०,००० डॉलरची भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते, पण समोरच्याचा खिसा रिकामा असेल तर निकाल कागदावरच.

त्याची वर्दी उतरावी, तुरुंगवास व्हावा असं वाटत असेल तर ११७अ. पैसे, टोपणनावाने दाद आणि प्रसार थांबवणारा मनाई हुकूम हवा असेल, किंवा तो लष्कराबाहेरचा असेल, तर दिवाणी.