आरटीएक्स ४०९०: वेग मान्य, पण मे महिन्यात ४५० वॅटची उष्णता घालवायची कुठे?

एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये आले, तेव्हा त्याच्या वेगाचीच चर्चा झाली आणि कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या ४५० वॅटकडे फारसे कोणी पाहिले नाही. परभणीतील आमच्या लहानशा स्टुडिओत लग्नांच्या फोर-के चित्रीकरणाचे संपादन याच कार्डावर चालते. वेगाबाबत तक्रार करायला जागा नाही. रात्रीच्या वरातीचे दाणेदार फुटेज स्वच्छ करायला जुन्या कार्डाला जितका वेळ लागे, तितक्यात आता बाकीचे कामही उरकते.

अडचण अशी की लग्नसराई आणि उन्हाळा एकाच वेळी येतात. बाहेर पारा ४२ अंशांच्या पुढे असताना आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत हे कार्ड पूर्ण क्षमतेने चालू लागले की, प्रोसेसर आणि मॉनिटर धरून सहाशे वॅटच्या आसपास वीज उष्णता होऊन खोलीतच उतरते. म्हणजे भर मे महिन्यात हजार वॅटचा रूम हीटर अर्ध्याहून अधिक ताकदीने लावून बसण्यासारखेच ते आहे. दुकानात ‘तीन पंख्यांचे आहे, एकदम थंड चालते’ असे सांगितले जाते. ते चिपपुरते खरेही आहे, परंतु मोठा हीटसिंक उष्णता नाहीशी करीत नाही, तो फक्त ती चिपवरून उचलून आपल्या अंगावर सोडतो. डेझर्ट कूलर खिडकीत बसवून समोरचे दार उघडे ठेवल्यास कोरड्या हवेत बरेच निभावते. मात्र पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो, आणि एसी लावला तर कार्डाने ओढलेल्या विजेवर ती उष्णता बाहेर फेकण्याची वीज वेगळी मोजावी लागते.

ही वाढ एका कार्डापुरती नाही. २०१७ च्या जीटीएक्स १०८० टीआयला २५० वॅट पुरत, २०२० च्या आरटीएक्स ३०९० ला ३५० लागले आणि २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ने ५७५ वॅट गाठले.

यावरचा उपाय फुकट आहे, हेच मला सर्वांत खटकते. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली की कार्ड ३१५ वॅटच्या वर जात नाही आणि आमच्या कामातला वेग जेमतेम काही टक्क्यांनी उतरतो. चिपची गती शेवटच्या टप्प्यात वाढवण्यासाठी व्होल्टेज चढवावे लागते आणि विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तेवढ्या थोड्या वेगाची किंमत एवढी मोठी पडते. रोज आठ तास पूर्ण भार धरला तर ३.६ युनिटऐवजी अडीच युनिट जळतात. घरूनच काम करणाऱ्यांचा वापर महिन्याला ३०० युनिटच्या वरच्या महागड्या टप्प्यात गेला असेल, तर हा फरक बिलात दिसतो. अर्थात नुसती टाइमलाइन कापताना कार्ड एवढी वीज ओढत नाही. खरी ओढ नॉइज रिडक्शन (फुटेजमधले दाणे घालवणे) आणि एक्स्पोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणे) यांच्या वेळी असते.

कार्डाला वीज पुरवणाऱ्या सोळा पिनांच्या कनेक्टरबाबत सावध राहावे. हे कार्ड आल्यानंतर काही आठवड्यांतच तो वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या आणि तो पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे मुख्य कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले. अरुंद कॅबिनेटमध्ये काचेचे झाकण लावताना वायर मुळाशीच मुडपते, त्यामुळे झाकण लावल्यावर टॉर्च मारून तो भाग एकदा पाहावा.

एनव्हिडिया ८५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते, तो घेताना कोणी काटकसर करू नये. आमच्याकडे एक्स्पोर्ट ऐन रंगात आला असताना लाइट जाणे नवीन नाही, आणि कॉम्प्युटरसोबत सर्रास दिला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. या कार्डासाठी किमान दीड केव्हीएचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस लागतो. कोटेशनमध्ये तो सहसा नसतो. कार्डाचा भाव ठरवण्यापूर्वीच त्याची किंमत लिहून घ्यावी.