नव्या बॅटरीत निघालेला पेंढा

गणपती तोंडावर आले की कोकणात कुठलाच माणूस शांत डोक्याने व्यवहार करत नाही. माझे एक लाख नव्वद हजार रुपये गेले, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण माझी स्वतःची हाव. ती पुढे येईलच.

गाडी २०१४ ची कॅमरी हायब्रिड. मुंबईत कुणा साहेबाने वापरलेली, २०१९ साली मी सेकंडहँड घेतली. आम्ही रत्नागिरीजवळच्या पावसच्या बाजूचे, थोडी कलमं आहेत, मी शाळेतून निवृत्त. मास्तरला एवढी गाडी कशाला, असं वाडीत म्हणून झालं, घरातही म्हणून झालं. त्याहून जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "मास्तर, ही चार्ज कुठे करता?" मग मी शिकवणीच घ्यायचो. बाबांनो, ही पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालते, पण हिला प्लग नाही. उतारावर आणि ब्रेक मारताना जी ताकद वाया जाते ती ही बॅटरीत भरून घेते, बाकीचं इंजिन भरतं. भिंतीला वायर लावायची ती प्लग-इन हायब्रिड. ती वेगळी, तिची बॅटरी कितीतरी मोठी. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरी फसलो.

या गाडीची मोठी बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे असते. त्यामुळे डिकी अर्धीच उरते. आंब्याच्या दिवसांत मुंबईला पेट्या न्यायच्या तर डिकीत मावत नाहीत, मग त्या मागच्या सीटवर. पेटीत आंब्याखाली-वर भाताचा पेंढा. खड्ड्यांतून गाडी उसळली की पेंढ्याचा भुगा सीटभर. बॅटरी थंड ठेवायला एक पंखा असतो, तो हवा ओढतो ती गाडीच्या आतलीच, मागच्या सीटजवळच्या जाळीतून. पाच हंगाम मी त्या पंख्याला पेंढा खाऊ घालत होतो. जाळी साफ करावी लागते हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी पुस्तिका उघडली नाही.

जून २०२४ मध्ये डॅशबोर्डवर 'चेक हायब्रिड सिस्टिम' आलं. त्याआधी महिनाभर लक्षणं होती. चार्जचा काटा मिनिटभरात तळाला जायचा, लगेच भरल्यासारखा दिसायचा, आणि मागून पंखा घोंघावायचा. अधिकृत सर्व्हिस सेंटरने बॅटरी बदलायला सांगितली, खर्च चार लाखांच्या वर. ऐकून मी घरी आलो आणि दोन महिने गाडी पडवीशेजारी उभी केली.

ऑगस्टमध्ये एका आंबा व्यापाऱ्याच्या ओळखीतून महामार्गालगतच्या एका गॅरेजवाल्याचा नंबर मिळाला. तरुण मुलगा, बोलायला गोड, पायाला हात लावून नमस्कार करणारा. म्हणाला, "काका, कंपनीत चार लाख कशाला घालवता? नवीन बॅटरी बाहेरून मागवतो, एक पासष्टमध्ये बसवून देतो, दोन वर्षं वॉरंटी." मी घुटमळलो तसा त्याने हुकमाचा पत्ता टाकला. "आणि पंचवीस हजार जास्त द्या, गाडी प्लग-इन करून देतो. रात्री घरच्या सॉकेटला लावा, सकाळी रत्नागिरीला जाऊन या, पेट्रोलला हात नाही."

इथे माझ्यातला मास्तर झोपला आणि हाव जागी झाली. साधा गुणाकार केला असता तरी पुरलं असतं. त्या बॅटरीत ३४ मॉड्यूल, म्हणजे जोडलेले छोटे बॅटरी-तुकडे, प्रत्येक ७.२ व्होल्टचं, म्हणजे सुमारे २४५ व्होल्ट. क्षमता साडेसहा अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार केला की सुमारे १.६ युनिट येतात. म्हणजे बॅटरी पूर्ण भरली तरी दोन युनिटही वीज मावत नाही. पावसहून रत्नागिरी एका बाजूला पंधरा-सोळा किलोमीटर. एवढ्या जड गाडीला त्या विजेवर गोळपच्या पलीकडेही जाता यायचं नाही. आठवीच्या पोराला घातलं असतं असं हे गणित. शिवाय गाडीत असा बदल करायचा तर मान्यताप्राप्त संस्थेने पास केलेलं किट लागतं, आरटीओची मंजुरी लागते, आरसीवर नोंद लागते. त्याने यातलं काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मुलगी-जावई गणपतीला येणार होते, गाडी सुरू हवी होती.

नव्वद हजार यूपीआयने गेले, लाख रोख. "बिल केलं तर जीएसटी लागेल काका," म्हणाला, आणि मी मान डोलावली. यूपीआयवर नाव भलतंच आलं, बाईचं. "वहिनीचं खातं आहे." बिल म्हणून गॅरेजच्या लेटरहेडवर तीन ओळी मिळाल्या: नवीन हायब्रिड बॅटरी, पंख्यासकट, प्लग-इन किट. खाली तारीख आणि सही. हा कागद मी गडबडीत पंचांगात ठेवला, म्हणून राहिला. जुनी बॅटरी दाखव म्हटलं तर "ती एक्सचेंजमध्ये गेली, म्हणून तर तुम्हाला स्वस्त पडली." चौथ्या दिवशी गाडी मिळाली. झाकण चकचकीत काळं रंगवलेलं, डिकीत एक सॉकेट, त्यात वायर लावली की हिरवा दिवा.

गणपतीत सगळ्या वाडीला मी तो हिरवा दिवा दाखवला. आता तो आठवला की कान गरम होतात.

आणि सकाळी काटा खरंच भरलेला दिसायचा. आमचं घर घाटीच्या पायथ्याशी. घरी येताना शेवटचा दीड किलोमीटर नुसता उतार, ब्रेकवर पाय ठेवूनच यायचं. बॅटरी त्या उतारावर भरत होती, नेहमीसारखीच. मला वाटायचं रात्रीच्या विजेने भरली. विजेचा मीटर रात्री आणि सकाळी एकदा पाहिला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

दिवाळीनंतर आम्ही दोघं कोल्हापूरला निघालो, अंबाबाईला. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि अर्ध्यावर पंखा घोंघावू लागला. ही म्हणाली, "परत तोच आवाज." पुढच्या दोन वळणांत डॅशबोर्डवर धोक्याचा लाल त्रिकोण पेटला. कसेबसे वर आलो. गॅरेजवाल्याला फोन लावला, उचलला. "काका, सेन्सर असेल, रीसेट करा." पुन्हा लावला, बिझी. संध्याकाळपर्यंत बिझी.

कोल्हापुरात भाच्याने हायब्रिड गाड्यांचंच काम करणाऱ्या एका माणसाकडे नेलं. त्याने आधी स्कॅनर लावून गाडी चढावर चालवली. स्क्रीनवर मॉड्यूलच्या सतरा जोड्या दिसतात, प्रत्येक जोडीचे व्होल्ट वेगळे. निरोगी बॅटरीत हे आकडे एकमेकांना चिकटून खाली-वर होतात. आमच्यात ॲक्सिलरेटर दाबला की दोन जोड्या बाकीच्यांपेक्षा दोन व्होल्टने खाली कोसळत होत्या. "काका, नवी म्हणता ही?" असं म्हणून त्याने उघडायच्या आधी मला व्हिडिओ सुरू करायला लावला. गाडीचा नंबर, किलोमीटरचा आकडा, मग सीट काढली, मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग ओढला, रबरी हातमोजे घातले आणि दहा मिनिटं नुसता थांबला. नारिंगी केबलमधली वीज माणूस मारते. हे घरी कुणी उघडायला जाऊ नये.

झाकण निघालं. आत, मॉड्यूलांच्या मधल्या फटींत, पिवळट काड्या अडकलेल्या. त्याने चिमट्याने एक उचलली, उजेडात धरली. "काका, नव्या बॅटरीत पिंजर कशी हो?" कोल्हापुरात पेंढ्याला पिंजर म्हणतात.

मी ती काडी हातात घेतली. शेवटची पेटी मेअखेर गेली. 'नवी' बॅटरी बसली ऑगस्टअखेर. त्यानंतर गाडीत पेंढ्याची काडीही आली नव्हती, गणपतीच्या आधी हिने स्वतः सीटा झाडून घेतल्या होत्या. म्हणजे हा पेंढा माझा, हा बॅटरीचा डबा माझा, ही बॅटरीही माझीच. पंखा तर पेंढ्याच्या भुग्याने माखलेला, 'पंख्यासकट' म्हणे.

मग त्याने मॉड्यूलवर छापलेले क्रमांक वाचून दाखवले, मी वहीत उतरवले. सत्तावीस एका मालिकेतले, सात भलतेच, आपसातही न जुळणारे. नव्या बॅटरीत असं होत नाही. सातांपैकी तिघांच्या टोकांना हिरवा गंज आणि खाचेत सुकलेली तांबडी माती. "पुरात बसलेल्या गाडीतले असणार," तो म्हणाला. बुडालेल्या गाड्या विमा कंपन्यांच्या लिलावातून भंगारात जातात आणि त्यांचे भाग फिरत राहतात. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला जे झालं ते पाहिलेल्या माणसाला ती माती ओळखायला वेळ लागत नाही.

युक्ती साधी होती. मेलेली सात मॉड्यूल काढली, भंगारातली सात घातली, झाकण रंगवलं, स्कॅनरने एरर पुसली. पुसलेली एरर लगेच येत नाही, थोडे दिवस गाडी गुमान चालते. पण दहा वर्षांच्या थकलेल्या मॉड्यूलांत वेगळ्या ताकदीची मॉड्यूल घातली की सगळा भार कमकुवतावर येतो आणि एकामागून एक जातात. सात मॉड्यूल बदलून दुरुस्ती करतो, असं त्याने सांगितलं असतं आणि तेवढेच पैसे घेतले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. तशी दुरुस्ती करतात लोक. त्याने मला नवी म्हणून माझीच बॅटरी विकली.

प्लगचं तर हसूच झालं. भाच्याने वायर धरून माग काढला. ती डिकीतल्या साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीला, बाजारात मिळणाऱ्या छोट्या चार्जरमधून जोडलेली. मोठ्या बॅटरीशी तिचा संबंधच नव्हता.

गॅरेजवाला नंतर एकदाच बोलला. "तुम्ही बाहेर उघडलीत ना काका, वॉरंटी संपली." हे तो म्हणणार हे कोल्हापूरच्या माणसाला माहीत होतं, म्हणून तो व्हिडिओ. तुमच्यावर वेळ आली तर उघडण्याआधी विकणाऱ्याला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर का होईना. माझं तेवढं राहिलं, आणि वकिलांनी त्यावरून मला चांगलं झापलं. बॅटरी घेतानाच मॉड्यूलच्या क्रमांकांचे फोटो मागा, जुनी बॅटरी समोर ठेवून घ्या, किंवा निदान तिच्या क्रमांकांचे फोटो आधी काढून ठेवा. माझ्याकडे जुने क्रमांक असते तर पेंढ्यावर अवलंबून राहायची पाळी आली नसती.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. तक्रार नोंदली गेली, गॅरेजवाल्याने दाद दिली नाही. मग वकिलाची नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. रोख दिलेल्या लाखाला पुरावा काय, हा प्रश्न आलाच. लेटरहेडवर रक्कम नव्हती. नव्वद हजारांची यूपीआय पावती आहे, आणि वहिनी म्हणून सांगितलेल्या बाई आता सामनेवाला क्रमांक दोन आहेत.

गाडी पुन्हा पडवीशेजारी उभी आहे. तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत हात लावू नका, असं सांगितलंय, म्हणून नवी बॅटरीही घालता येत नाही. हिरव्या दिव्याचं सॉकेट तसंच आहे. पुढची तारीख नेमकी एप्रिलच्या मध्यावर, कलमं उतरवायच्या दिवसांत. परवा वकिलांचा फोन आला होता. म्हणाले, "मास्तर, व्हिडिओ आहे, वही आहे, पण बॅटरीतल्या पेंढ्याची ती पिशवी आणायला विसरू नका. आणि हो, घरातल्या पेट्यांच्या पेंढ्यात ती मिसळू देऊ नका."