सांगलीत नवीन जॉबला लागताना केलेलं ३ दिवसांचं पेशंट सेफ्टी ट्रेनिंग, माझा अनुभव

मी स्टाफ नर्स आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन ७ वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी सांगली-मिरज रोडवरच्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलला जॉइन झाले, अजून तिथंच काम करते म्हणून नाव लिहीत नाही. वॉर्डला पाठवायच्या आधी त्यांनी ३ दिवस नुसतं इंडक्शन घेतलं, पेशंट सेफ्टीवर, आणि त्या ३ दिवसांचा पगार पण धरला. आमच्या भागात मिरजेमुळं हॉस्पिटलांना तोटा नाही, वॉनलेस हॉस्पिटल तर १८९४ पासूनचं, त्यामुळं नर्सिंगच्या पोरी दरवर्षी इथं नोकरी शोधतच असतात, त्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

याच्या आधी मी जिथं होते तिथं (दुसऱ्या गावात) इंडक्शन म्हणजे सह्या करा, युनिफॉर्म घ्या आणि रात्री ड्युटीला या एवढंच. तिथं माझ्या हातून एक चूक झाली होती. एका काकांच्या नातेवाइकांनी बाहेरच्या मेडिकलमधून इन्सुलिन आणलं, ते १०० वालं होतं, म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि वॉर्डात सिरिंज होत्या ४० च्या, म्हणजे एमएलला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठीच्या, लाल टोपणाच्या. मी १० च्या खुणेपर्यंत भरलं आणि दिलं. म्हणजे गेलं २५ युनिट. तासाभरात काकांना दरदरून घाम, बोलणं अडखळायला लागलं, शुगर ४८, मग पळापळ करून डेक्स्ट्रोज (शिरेतून साखर) दिलं आणि ते वाचले. पण सकाळी इन्चार्जनी सांगितलं, कुठं लिहू नको, कुणाला बोलू नको. मी बोलले नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या पोरीकडून सेम तेच झालं, तीच सिरिंज, तेच इन्सुलिन. ते माझ्या मनातून अजून जात नाही, म्हणून या ट्रेनिंगकडं मी नुसती हजेरी लावायची म्हणून गेले नव्हते.

पहिल्या दिवशी हॉलमध्ये आम्ही २०-२२ जण, आणि सगळ्यात आवडलं ते म्हणजे फक्त नर्सेस नाहीत, आरएमओ (वॉर्डाचे ड्युटी डॉक्टर), फार्मसीचा मुलगा, लॅबवाले, रिसेप्शनच्या मुली, वॉर्डातल्या मावशी, मामा, गेटवरचे सिक्युरिटी सगळे एकत्र बसवलेले. क्वालिटीच्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं की जगात हॉस्पिटलात येणाऱ्या दर १० पेशंटमागं साधारण एकाला उपचारातूनच काहीतरी इजा होते असं डब्ल्यूएचओ सांगतं आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास टाळता येण्यासारख्या असतात. मग त्यांनी जेम्स रीझन नावाच्या इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञांची कल्पना समजावली, ती पुस्तकात चीजच्या भोकांवरून असते, पण मॅडम म्हणाल्या आंबोळी घ्या, आंबोळीला जाळी पडते ना, तशा चार आंबोळ्या एकावर एक ठेवल्या तर एकीचं भोक दुसरी झाकते, पण एखाद्या दिवशी चारींची भोकं एका रेषेत येतात आणि चूक सरळ पेशंटपर्यंत पोचते. मावशींनी लगेच माना डोलावल्या.

त्यानंतर पेशंटची ओळख पटवणं यावर जवळजवळ अर्धा दिवस घालवला. मला वाटलं होतं यात काय एवढं शिकवायचं, पण आपल्याकडं एका वॉर्डात तीन पाटील ही रोजची गोष्ट, त्यात दोघांचं नाव पण सुभाष. आणि आपण विचारतो कसं, "तुम्ही सुभाष पाटील ना?" त्यावर कमी ऐकू येणारे आजोबा "व्हय व्हय" म्हणणारच, त्यांना वाटतं सिस्टर बरोबरच बोलत असतील. म्हणून आपण नाव सांगायचं नाही, त्यांना सांगायला लावायचं, पूर्ण नाव, आणि मग हातातल्या बँडवरचा नंबर केसपेपरशी जुळवायचा. जन्मतारीख म्हाताऱ्या माणसांना माहीतच नसते त्यामुळं नंबरच धरायचा. बेड नंबर तर कधीच नाही, कारण पेशंट खिडकीजवळ हवा म्हणून बेड बदलून घेतात आणि आपल्याला कुणी सांगत नाही.

अथणी, कागवाड, जतकडनं येणारे बरेच पेशंट फक्त कन्नड बोलतात, त्यांचं काय असं मी विचारलं. तर जतकडच्या एका मावशींनी उभं राहून सगळ्यांना शिकवलं, "निम्म हेसरु हेळ्री", म्हणजे तुमचं नाव सांगा. आम्ही सगळ्यांनी, डॉक्टरांनी पण, पाच-सहा वेळा म्हटलं. त्या मावशींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. आणि आता मी रोज ते वाक्य वापरते.

दुसरा दिवस औषधांचा, माझ्या मते सगळ्यात चांगला. डोपामिन आणि डोब्युटामिनच्या बाटल्या शेजारी ठेवून लांबून ओळखायला लावलं, बऱ्याच जणांना जमलं नाही. ऑर्डर लिहिताना इन्सुलिनच्या पुढं इंग्रजी यू लिहायचा नाही, तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात, पूर्ण युनिट लिहायचं. एक मिलिग्रॅमच्या पुढं पॉइंट शून्य लावायचा नाही, पॉइंट पुसट आला की १० होतात. फोनवर डॉक्टरांनी ऑर्डर दिली तर आधी लिहायची, मग वाचून दाखवायची, आणि त्यांनी "बरोबर" म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. फिफ्टी का फिफ्टीन हे ऐकताना हमखास चुकतं म्हणून वन फाइव्ह, फाइव्ह झिरो असे आकडे सुटे बोलायचे. मराठीत पण एकोणसाठ एकोणसत्तर असा घोळ होतोच की. पोटॅशियम क्लोराइडवर मॅडम खूप वेळ थांबल्या, १० एमएलच्या छोट्याशा ॲम्प्युलमध्ये २० एमईक्यू (पोटॅशियम मोजायचं माप) असतं, डायल्यूट न करता सरळ शिरेत गेलं तर हार्ट बंद पडू शकतं आणि मग सुधारायला वेळच मिळत नाही. इन्सुलिनच्या सिरिंजचं सांगायला लागल्या, लाल टोपण ४० ची, केशरी टोपण १०० ची, तेव्हा मी हात वर केला आणि माझी ती जुनी गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. पहिल्यांदाच. कुणी काही वाईट बोललं नाही, मॅडमनी फक्त विचारलं की दोन्ही प्रकार एका वॉर्डात आलेच कसे.

तिसरा दिवस मात्र गडबडीत उरकला. हात धुणं, कचऱ्याचे पिवळे लाल निळे डबे, सुई टोचली तर जखम पिळत बसायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि लगेच कळवायचं, एचआयव्ही होऊ नये म्हणूनचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावंच लागतं पण जितकं लवकर तितकं बरं, हे सगळं एका दमात झालं. ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणाला सर्जरीच्या आधी ती चेकलिस्ट मोठ्यानं वाचण्यात वेळ जातो, सर चिडतात. तेव्हा मॅडमनी सांगितलं की डब्ल्यूएचओची ती १९ मुद्द्यांची यादी आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत वापरून बघितली होती, त्यात आपली दिल्ली पण होती, २००९ मध्ये निकाल छापून आला, मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलेलं. ब्रदर गप्प झाला, पण सर चिडले तर ज्युनिअरनं नेमकं काय बोलायचं हे कुणी करून दाखवलं नाही, ते दाखवायला पाहिजे होतं.

बाकी तक्रारी पण सांगते. स्लाइड सगळ्या इंग्रजीत, शेवटची परीक्षा पण इंग्रजीत, मावशी-मामांना शेजारच्यांनी उत्तरं सांगितली, मग त्या परीक्षेचा अर्थ काय राहिला. हँडओव्हरवर, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंटची माहिती देण्यावर, जेमतेम १५ मिनिटं, खरं तर रात्री ८ ला ड्युटी बदलताना एकीला घरची घाई आणि दुसरी आत्ताच आलेली, तिथंच जास्त गोष्टी सुटतात. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चार-पाच जणींना स्टाफ कमी आहे म्हणून वॉर्डात बोलवून घेतलं, हे अजिबात पटलं नाही.

पण ट्रेनिंग खरं का खोटं हे मला तिसऱ्या आठवड्यात नाइटला कळलं. पहाटे ४ च्या सुमारास अँटिबायोटिक बनवायला डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये हात घातला, फोडायच्या आधी नाव वाचलं तर ते पोटॅशियम क्लोराइड. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्ही १० एमएल. हात थरथरत होते माझे. कुणाला काही झालं नव्हतं, गुपचूप बाजूला ठेवून दिलं असतं तरी कळलं नसतं, पण मी इन्सिडंट फॉर्म (झालेली किंवा होता होता टळलेली चूक कळवायचा फॉर्म) भरला, त्यात स्वतःचं नाव पण लिहिलं. दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः वॉर्डात आल्या आणि कुणी ठेवलं हे विचारलंच नाही, ट्रे कोण भरतं, कधी भरतं, उजेड किती असतो तेच बघत होत्या. फार्मसीत नवीन कंपनीचा माल आलेला, दिसायला सेम. संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डांतलं पोटॅशियम ट्रेमधनं काढून कुलूपबंद कपाटात गेलं, लाल लेबल लागलं, आणि माझं नाव न घेता सगळ्या शिफ्टला सांगितलं गेलं. काकांच्या वेळी असा एक फॉर्म भरायला मिळाला असता तर, हे त्या दिवशी घरी जाताना सारखं डोक्यात येत होतं.

माझ्याकडून ५ पैकी ४. स्लाइड मराठीत केल्या आणि हँडओव्हरला अर्धा दिवस दिला तर पाचवा पण देईन. कुठंही मुलाखतीला गेलात तर पगार विचारल्यावर हे पण विचारा की इन्सिडंट फॉर्म भरला तर पुढं काय होतं, समोरचा उत्तर कसं देतो त्यावरनं बरंच कळतं. आणि जाताना हिपॅटायटिस बीच्या तिन्ही डोसचं कार्ड सोबत घ्या, पहिल्याच दिवशी मागतात, माझं गावाकडं राहिलं होतं आणि त्यासाठी परत हेलपाटा पडला.