हाताने चामडी पिशवी शिवण्यासाठी ऑनलाइन मिळणारा हत्यारांचा संच: काय कामाचे, काय बिनकामाचे

चामड्याच्या पिशव्या, पाकिटे आणि पट्टे घरी हाताने शिवणाऱ्यांची संख्या वाढली, तशी ‘सगळी हत्यारे एकाच पेटीत’ अशी जाहिरात करणाऱ्या संचांचीही ऑनलाइन बाजारात रेलचेल झाली आहे. हे संच बहुतांशी एकाच घडणीचे असतात आणि विक्रेत्यागणिक पेटीवरचे नाव तेवढे बदलते. त्यामुळे नाव सांगून वाचकाचा फारसा फायदा नाही, पेटीत काय आहे हे पाहणेच महत्त्वाचे. मी घेतलेला संच दीड ते दोन हजार रुपयांच्या दरम्यानचा आहे. भोके पाडायचे दातेरी पंच, आरी, बोथट टोकाच्या सुया, मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, काठ गोलसर करणारे बेव्हलर, शिवणीसाठी खाच पाडणारा ग्रूव्हर, काठ घोटायचे लाकडी दांडके, नायलॉनची मोगरी, एक सुरी, मूठभर रिव्हेट आणि रंगाच्या दोन लहान बाटल्या असा त्यातला ऐवज. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या म्हशीच्या चामड्याची, झडप आणि खांद्याचा पट्टा असलेली पिशवी मी त्यावर शिवली. पुढचे मत त्या कामावर आधारलेले आहे.

थोडक्यात सांगायचे तर शिवणीचे सामान पैसे वसूल करून देते, कापण्याचे सामान बाजूला ठेवावे लागते आणि रंगाच्या बाटल्या पेटीत नसत्या तर बरे झाले असते.

आधी चांगले सांगतो. दातेरी पंच एक, दोन, चार आणि सहा दात्यांचे असून दोन दात्यांमधले अंतर ४ मि.मी. आहे. पिशवीसाठी हे अंतर योग्यच. पाकिटासारख्या नाजूक कामाला ३ मि.मी. अधिक शोभते, पण नवशिक्याने ४ मि.मी.वर हात बसवणे चांगले. दाते सरळ रेषेत आहेत, पातीला पीळ नाही आणि दोन्ही थरांतून भोक एका दमात पडते. तक्रार एवढीच की दात्यांच्या कडा कारखान्यातून आल्या तशाच खरबरीत राहिल्या आहेत. परिणामी पंच आत सहज जातो, परंतु बाहेर काढताना चामडे दात्यांना धरून वर उचलले जाते आणि भोकाभोवतीचा पृष्ठभाग फुगतो. यावर उपाय सोपा आहे. बारीक पॉलिश पेपर, आधी ४०० आणि मग १००० नंबरचा, पट्टीवर ताणून दात्यांच्या बाजू घासाव्यात आणि प्रत्येक ओळीआधी दाते मेणाच्या तुकड्यात एकदा रोवून काढावेत. त्यानंतर पंच काढताना एका हाताने चामडे दाबून धरले की तो निमूटपणे सुटतो. पुढची ओळ पाडताना पंचाचा पहिला दाता आधीच्या शेवटच्या भोकात बसवायचा, म्हणजे अंतर ढळत नाही. आणि झडपेच्या गोलाईवर सहा दात्यांचा मोह टाळून दोन दात्यांचाच घ्यायचा. हातोडा लोखंडी वापरू नये, कारण त्याने पंचाचे डोके पसरते. पेटीतली नायलॉनची मोगरी थोडी हलकी असली तरी या कामाला पुरते.

सुया आणि दोरा यांच्याबद्दल तक्रारीला जागाच नाही. हाताच्या शिवणीत एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई ओवून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा नेतात. शिलाई मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे मध्ये एकमेकांत अडकलेले असतात आणि एक झिजून तुटला की शिवण उसवत जाते. हाताच्या शिवणीत एक फेर तुटला तरी त्याच भोकांतून गेलेला दुसरा फेर पिशवी धरून ठेवतो. रोज लॅपटॉप आणि डबा वाहणाऱ्या पिशवीच्या तळाला याचे मोल कळते. संचातला ०.८ मि.मी.चा दोरा ४ मि.मी. अंतरावरच्या भोकांना अगदी जुळतो. शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा कापावा, कारण जाड चामड्यात मधेच दोरा संपण्यासारखा वैताग नाही. प्रत्येक टाक्यात सुयांचा क्रम एकच ठेवावा: आधी डावी घातली तर शेवटपर्यंत आधी डावीच. दुसरी सुई घालताना पहिला दोरा किंचित मागे ओढून पाहावा, म्हणजे सुई दोऱ्यातच घुसलेली असेल तर लगेच समजते. शेवटी दोन-तीन टाके उलटे मारून, दोरा कापून टोक लायटरने हलकेच वितळवले की गाठ मारायची गरज राहत नाही. सुती किंवा लिननच्या दोऱ्याला मात्र हे चालत नाही.

एक उणीव येथेच जाणवते. चामडे धरून ठेवणारा लाकडी चिमटा संचात नाही, आणि दोन्ही हात सुयांत गुंतलेले असताना पिशवी धरणार कोण? आपल्याकडचे कारागीर काम गुडघ्यांत धरून शिवतात आणि त्यांना ते साधते. सोसायटीतल्या सोफ्यावर बसून शिवणाऱ्याला ते जमायला वेळ लागतो. सुताराकडून दोन फळ्यांचा चिमटा करून घेतला तर काम भागते.

पट्टा जोडण्याच्या जागी पिशवीचे दोन थर आणि पट्टा मिळून जाडी ५ मि.मी.च्या पुढे जाते. तेथे पंच जरा जरी तिरका धरला तरी मागच्या बाजूची भोके नागमोडी येतात, म्हणून पंचाने वरच्या थरावर फक्त खूण करून भोक आरीने पाडावे. पण संचातली आरी टोकाला गोल आहे. शिवणीच्या आरीचे पाते शंकरपाळ्याच्या आकाराचे हवे, म्हणजे भोक फाटल्यासारखे न होता तिरकी चीर पडते आणि दोरा तीत बसतो. ही आरी मी बाजूला ठेवली आणि जोडे शिवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानातून दुसरी आणली.

सुरीची गोष्ट याहून वाईट आहे. पाते मऊ पोलादाचे असून दगडावर लावलेली धार एक पट्टा कापेपर्यंतही टिकत नाही. चामड्याच्या काठाची जाडी छिलून कमी करायची तर ही सुरी चामडे कापण्याऐवजी ओढत नेते. ज्या देशात प्रत्येक चांभाराच्या पेटीत रापी असते, तेथे परदेशी धाटणीची ही सुरी विकत घ्यावी हेच मुळात विचित्र आहे. रुंद, सपाट पात्याची रापी कापते, छिलते आणि काठ सरळ करते. मुंबईत धारावी किंवा ठक्कर बाप्पा कॉलनीत आणि कोल्हापुरात चपलांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानांत ती मिळते आणि संचाच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशांत येते. नवी रापी धार लावूनच वापरावी लागते, आणि छिलताना चामड्याखाली गुळगुळीत दगड किंवा जाड काच घ्यावी.

बेव्हलर ठीक, ग्रूव्हर कामचलाऊ, काठ घोटायचे दांडके चांगले. त्यांच्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आता रंगाकडे वळतो, कारण या संचाने सर्वाधिक मनस्ताप तेथेच दिला. बाटल्यांवर रंगाच्या नावाखेरीज काहीही छापलेले नाही; रंग पाण्यातला की स्पिरिटमधला, हेही कळत नाही. थेंब पाण्यात टाकल्यावर तो सहज मिसळला आणि स्पिरिटच्या वासाचा मागमूस नव्हता, त्यावरून तो पाण्यातला असावा. असा रंग कमावलेल्या चामड्यातल्या तेलावर नीट बसत नाही. एकाच तुकड्यावर कोठे तो गडद शोषला गेला, तर कोठे थेंब थेंब होऊन वरच तरंगला, आणि वाळल्यावर पट्ट्यापट्ट्यांची झेब्रासारखी नक्षी उमटली. वाळल्यानंतर ओल्या पांढऱ्या सुती कापडाने घासून पाहिले तर कापड तपकिरी झाले. ही चाचणी प्रत्येकाने करावी, कारण जो रंग कापडाला लागतो तो पावसाळ्यात पांढऱ्या कुडत्यालाही लागणारच. विक्रेत्याकडे तक्रार केल्यावर त्याने विनावाद नव्या बाटल्या पाठवल्या, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. त्यांतला रंगही तसाच निघाला, ही गोष्ट वेगळी.

चांगला रंग स्वतंत्र घ्यावा आणि तो शक्यतो स्पिरिटमधला घ्यावा. रंगवण्यापूर्वी चामडे स्पिरिटने भिजवलेल्या कापडाने एकसारखे पुसून वरचे तेल आणि हाताचे डाग काढावेत, लोकरीच्या बोळ्याने गोलाकार हात फिरवत एका जाड थराऐवजी दोन पातळ थर द्यावेत आणि पूर्ण वाळल्यावर कोरड्या कापडाने वर राहिलेली भुकटी निघेपर्यंत घासावे. स्पिरिटमुळे चामडे कोरडे पडते, म्हणून नंतर तेलाचा अगदी हलका हात आणि सर्वांत शेवटी मेणाचा किंवा ॲक्रिलिकचा थर द्यावा. तेल जास्त झाले तर चामडे काळवंडते आणि ते उतरवता येत नाही.

रंगाशी संबंध नसलेला आणखी एक डाग नवशिक्यांना हमखास कोड्यात टाकतो. बाभळीच्या सालीने किंवा हिरड्याने कमावलेल्या चामड्यावर, विशेषतः ते ओलसर असताना, अचानक निळसर काळे ठिपके उठतात. लोक त्याला बुरशी समजतात. प्रत्यक्षात चामड्यातल्या टॅनिनची, म्हणजे साल-हिरड्यातून आलेल्या तुरट द्रव्याची, लोखंडाशी झालेली ती प्रक्रिया असते. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांपासून पूर्वी काळी शाई करत असत, ती याच तत्त्वावर. पंचाचे दाते घासताना पडलेली लोखंडाची पूड टेबलावर राहिली आणि त्यावर ओले चामडे ठेवले, तर ही शाई आपोआप तयार होते. म्हणून हत्यारांना धार लावायची जागा आणि चामडे कापायची जागा वेगळी असावी. डाग ताजा असेल आणि त्यावर रंग किंवा तेल लागलेले नसेल, तर लिंबाचा रस पाण्यात मिसळून हलक्या हाताने लावल्यास तो बराच फिका होतो. मात्र नंतर तो अख्खा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावा. फक्त डागाची जागा ओली केली तर वाळल्यावर पाण्याची कड उमटते आणि एका डागाचे दोन होतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेल्या चामड्यावर हा त्रास सहसा होत नाही.

याच कारणामुळे संचातली रिव्हेट वापरण्याआधी त्यांना चुंबक लावून पाहावा. माझ्या पेटीतली सोनेरी दिसणारी रिव्हेट चुंबकाला चिकटली, म्हणजे आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात मुलामा उडतो आणि रिव्हेटभोवती काळे वर्तुळ उमटते. खऱ्या पितळेची रिव्हेट आणि बकले थोडी महाग पडतात. त्यांच्यावरही चामड्यातल्या तेलामुळे कालांतराने हिरवट चिकट थर धरतो, पण तो कोरड्या कापडाने पुसला जातो, म्हणून पट्ट्याला तेल लावताना बकलाची जागा वगळली की पुरे.

या सगळ्यावरून मला संचाची खरी उणीव कोणत्याही एका हत्यारापेक्षा त्यासोबतच्या घडीच्या कागदात दिसते. त्यात सोळा चित्रे आहेत आणि कामाचा क्रम मात्र कोठेही सांगितलेला नाही. पिशवीवरचे निम्म्याहून अधिक डाग चुकलेल्या क्रमातून येतात. कापणे, छिलणे, रंगवणे, घासणे, वरचा थर देणे, मग सोल्युशनने चिकटवणे, भोके पाडणे, शिवणे आणि अखेरीस काठ घोटणे, असा क्रम ठेवला तर बहुतेक संकटे टळतात. आधी चिकटवून मग रंगवायला घेतले, तर जेथे सोल्युशनचे बोट लागले असेल तेथे रंग धरत नाही आणि फिके चट्टे राहतात. आधी शिवून मग रंगवले, तर पांढरा दोरा रंग पितो. आणि रंगवलेले चामडे न घासताच शिवले, तर मेणाळलेला दोरा प्रत्येक भोकातून रंगाची भुकटी ओढत जातो आणि दहाव्या-बाराव्या टाक्यापासून मळकट दिसू लागतो. शिवताना बोटेही कोरडी आणि स्वच्छ हवीत, कारण फिक्या चामड्यावर घामाचा डाग तेलाच्या डागाइतकाच चिवट असतो. तेल सांडलेच तर त्यावर कॉर्नफ्लॉवर किंवा टाल्कम पावडर रात्रभर पसरून ठेवावी. बरेचसे तेल त्यात शोषले जाते.

चामड्याची निवड संचाच्या परीक्षणात बसत नाही, तरी एक सांगतो. पिशवीच्या अंगाला १.२ ते १.६ मि.मी. आणि पट्ट्याला २.५ मि.मी.च्या आसपास जाडी पुरते. कोल्हापुरी चपलांच्या तळाचे चामडे स्वस्त मिळाले म्हणून कोणी त्याची पिशवी करायला घेऊ नये; ते पिशवीच्या घडीला फार कडक असते.

हा संच कोणी घ्यावा? ज्याला छंद टिकेल की नाही याची खात्री नाही आणि मोठ्या शहराबाहेर राहत असल्यामुळे दातेरी पंच हाताळून घेण्याची सोय नाही, त्याने घ्यायला हरकत नाही. पंच, सुया, दोरा, मोगरी आणि बेव्हलर यांतच बहुतेक किंमत वसूल होते. मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरकरांनी मात्र ४ मि.मी.चे दोन आणि सहा दात्यांचे पंच, सुया आणि दोरा एवढेच ऑनलाइन मागवून रापी, आरी, सोल्युशन आणि पितळी सामान बाजारातून पाहून घ्यावे. खर्च जवळपास तेवढाच येतो आणि बाजूला ठेवावी लागेल अशी एकही वस्तू घरात येत नाही. पाचपैकी तीन गुण देतो. रंगाच्या बाटल्या आणि सुरी काढून त्या जागी बरी आरी घातली असती तर चार दिले असते.