चिपर घ्यायचाय: टायरवाला की चेनवाला?

झाडकामाचे ठेके घेणारा माणूस चिपर, म्हणजे फांद्यांचा भुगा करणारं यंत्र, बघायला लागला की पहिल्याच कोटेशनला हा प्रश्न उभा राहतो. डीलर व्हिडिओ दाखवतो, रणगाड्यासारख्या रबरी पट्ट्यांवर चालणारा चेनवाला चिपर चढणीवर सरसर चढताना दिसतो आणि मन तिकडे झुकतं. पण फांदी चिरणारा भाग दोन्हींत तोच असतो. तीच पाती, तेच ओढणारे रोलर, बऱ्याचदा इंजिनही तेच. सहा इंची चिपर टायरवर असो की चेनवर, सहा इंचीच फांदी खाणार. जास्तीचे पैसे तुम्ही मोजता ते यंत्र फांदीपाशी नेण्यासाठी. तेव्हा आधी गेल्या हंगामातली कामं आठवा. फांद्या पडल्या तिथून गाडी उभी होती तिथपर्यंत माणसांना किती ओढावं लागलं?

पुण्या-ठाण्यात पावसाळ्याआधीच्या छाटणीची कामं बघा. सोसायटीच्या कडेचा गुलमोहर, फुटपाथवरचा सोनमोहोर, पार्किंगवर वाकलेला पर्जन्यवृक्ष. गाडी झाडाखाली जाते, ओढायचं अंतर दहा-पंधरा मीटर. इथे टायरवाल्याला तोड नाही. गाडीमागे ओढत आणायचा, टेकूचे पाय खाली सोडायचे, सुरू करायचा, भुगा थेट टेम्पोत उडवायचा. दुपारी दुसरी साइट असेल तर हुक लावला की निघाले. चेनवाला रस्त्यावर स्वतः धावत नाही, माणसाच्या चालीने जातो. प्रत्येक साइटला तो गाडीतून उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा.

हे चढवणं-उतरवणं व्हिडिओत कोणी दाखवत नाही. सहा इंची चेनवाला साधारण टनाच्या वरच भरतो. छोट्या हत्तीचं ते काम नाही, दीड टनी पिकअप लागते. पिकअपचा हौदा जमिनीपासून तीन फूट धरला आणि फळ्या आठ फुटी असल्या तर चढ बावीस अंशांच्या आसपास येतो. दहा फुटी फळ्या घेतल्या तर साडेसतरा. पावसात ओल्या लोखंडी फळीवर हे चार-पाच अंश फार मोठे असतात, तेव्हा लांब फळ्यांचा खर्च चेनवाल्याच्या किमतीतच धरा.

आता कोकणात या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगडच्या बागांत झाडं आडवी झाली. रस्त्यावरची झाडं कोणत्याही यंत्राने हलवता येतात. वाडीतल्या झाडांचं काय? घराच्या मागे चार पायऱ्या, मग जांभ्याचा गडगा, त्यातली माणसापुरती फट, पुढे उतरती बाग. टायरवाला गेटपाशीच अडकतो. गाडीपासून सोडवला की सहा-सातशे किलोचं धूड सपाटीवर तिघे-चौघे ढकलतील, पण मऊ मातीत किंवा चढावर ते कोणी हलवू शकत नाही. मग आंब्याच्या फांद्या ऐंशी-शंभर मीटर खांद्यावरून वर आणायच्या. चिपर रिकामा घरघरत उभा, माणसं दमलेली, आणि मजुरी चालूच. असं काम वर्षात बरंच येत असेल तर चेनवाल्याचा जादा पैसा याच मजुरीतून सुटतो. फक्त घेण्याआधी यंत्राची रुंदी आणि तुमच्याकडच्या फटींची रुंदी टेपने मोजा. काही मॉडेलांत चेन आत घेता येते, सगळ्यांत नाही.

चेनच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, जमिनीवरचा भार. टायरखाली मातीवर येणारा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेइतका असतो, म्हणजे ३० पीएसआय असेल तर चौरस सेंटिमीटरला २ किलोच्या आसपास. १२०० किलोचा चेनवाला घ्या. २३ सेंटिमीटर रुंदीच्या दोन चेन, प्रत्येकी ११० सेंटिमीटर जमिनीला टेकलेल्या, तर दाब पाव किलोच्या आतच राहतो. चालताना एका पायावर येणाऱ्या माणसाच्या वजनाचा दाबही याहून जास्त भरेल. ओल्या बागेत कलमांची बारीक मुळं वरच्या थरात असतात, तिथे हा फरक जाणवतो. मात्र जागच्या जागी वळवला की तीच चेन माती खरवडून काढते, सोसायटीचे पेव्हर ब्लॉकही काळे करते. वळण मोठं घ्यायचं, हे चालवणाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावून सांगा.

उतारावर चेनवाला सुरक्षित असतो, हा समज मात्र धोक्याचा. यंत्राचा जड भाग वर असतो. सरळ वर किंवा सरळ खाली ठीक, आडवं नेलं तर कलंडू शकतं. कंपनीने किती अंशांची मर्यादा दिली आहे ते लेखी मागा, आणि खालच्या बाजूला कोणी उभं राहू देऊ नका.

देखभालीत टायरवाला साधा आहे. पंक्चर झालं तर तालुक्याच्या गावी निघतं, आणि बाभळीचे काटे असलेल्या रानात ते होणारच. चेनला काटा काही करत नाही, पण जांभ्याच्या धारेवर रबर कापलं किंवा दगड अडकून चेन उतरली तर काम ठप्प. काळ्या चिकण मातीत चाकांभोवती गारा बसतो, तो रोज संध्याकाळी काढावा लागतो. चेनचा ताण तपासायचा, शिवाय चालवायच्या हायड्रॉलिक मोटारी, त्यांचं तेल, फिल्टर हे टायरवाल्यात नसलेलं काम. आपल्याकडे चेनवाली यंत्रं बहुधा बाहेरून येतात, म्हणून नवी चेन किती दिवसांत मिळेल ते सौद्याआधी विचारा. ऐन मे महिन्यात ती वाट परवडत नाही.

युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची मर्यादा आहे, म्हणून तिथले बरेच सहा इंची टायरवाले मुद्दाम त्या आत बसवलेले असतात. अशा यंत्राला ब्रेक आहेत का, आणि आपल्या रस्त्यावर ओढायला नोंदणीचं काय, हे डीलरकडून कागदावर घ्या. घाटात मागून ढकलणारं वजन तोंडी आश्वासनाने थांबत नाही.

माझं मत विचाराल तर शहरात काम करणाऱ्याने पहिलं यंत्र टायरवालंच घ्यावं आणि वर्षातली दोन-चार उताराची कामं भाड्याच्या चेनवाल्यावर करावीत. कोकणात, किंवा डोंगरउतारावर फार्महाउसची कामं घेणाऱ्याने उलट करावं. ज्या बागायतदाराकडे ट्रॅक्टर आहे त्याने दोन्ही सोडून पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, चालणारा चिपर आधी बघावा. आणि नारळाच्या झावळ्या जास्त असतील तर कोणताही घेण्याआधी डेमोला पाच-सहा झावळ्या घालून बघा. त्यांतले चिवट धागे भल्याभल्या यंत्रांच्या रोलरला गुंडाळी घालतात.

डेमो शोरूमच्या काँक्रीटवर मागू नका. डीलरला तुमच्या सगळ्यात अडचणीच्या साइटवर यायला सांगा, जमल्यास पाऊस पडून गेल्यावर, आणि यंत्र गाडीतून उतरवण्यापासून परत चढवण्यापर्यंत त्याच्याच माणसाकडून करून घ्या.