गोकस्टॅड जहाजाचे प्लास्टिक मॉडेल: परभणीतील आठ महिन्यांचा अनुभव

गोकस्टॅड या व्हायकिंग जहाजाच्या १:५० प्रमाणातील प्लास्टिक मॉडेलचा संच मी फेब्रुवारीत मागवला, जूनअखेर जोडून पूर्ण केला आणि तेव्हापासून ते आमच्या बैठकीत उभे आहे. संच पैसे वसूल करणारा आहे. मात्र सूचनापत्रातील रंग जसेच्या तसे दिल्यास जत्रेतले खेळणे तयार होते, हे आधीच सांगितलेले बरे.

मूळ जहाज नॉर्वेत सांदेफ्योर्ड शहराजवळच्या एका दफनटेकडीतून १८८० साली उकरून काढण्यात आले. नवव्या शतकाच्या अखेरीस ओक लाकडात बांधलेले हे जहाज सुमारे २३ मीटर लांब असल्यामुळे मॉडेलची लांबी साधारण ४६ सेंटीमीटर भरते. कपाटाचा कप्पा आधी मोजून घ्यावा. प्रत्येक बाजूला १६ फळ्या असून वरच्या फळीची कड खालच्या फळीवर चढवून त्या लोखंडी रिव्हेटने जोडलेल्या होत्या. फळ्यांच्या या पायऱ्या साच्यात उत्तम उतरल्या आहेत. लाकडाच्या रेषा मात्र गरजेपेक्षा खोल आहेत, कारण मॉडेलवरची ०.२ मिलिमीटरची खाच म्हणजे खऱ्या जहाजावर एक सेंटीमीटरची चीर होते. मी रंगवण्यापूर्वी पूर्ण कवचावरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला.

सर्वांत जास्त वेळ नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, सांध्याने खाल्ला. कवचाचे दोन्ही अर्धे भाग तिथे नीट मिळत नव्हते. पुट्टी भरून घासल्यावर फट गेली, पण तिच्यासोबत दोन बोटे लांबीच्या रेषाही गेल्या. त्या सुईच्या टोकाने, शेजारच्या रेषांचा कल पाहत, पुन्हा कोराव्या लागल्या.

रंगकाम एप्रिल-मे महिन्यांत आले, ही माझी चूक. आमच्याकडे तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग कवचावर टेकण्याआधी ब्रशवरच वाळतो, म्हणून पहाटे उठून सातच्या आत काम उरकावे लागे. फिकट तपकिरी ॲक्रिलिक पूर्ण वाळल्यावर मी चित्रकारांचा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून वरून सोडला. टर्पेंटाइनने खालचा ॲक्रिलिक सुटत नाही. गडद रंग फळ्यांच्या सांध्यांत आणि रेषांत उतरतो आणि वरचा जादा रंग कापडाने पुसून घेता येतो. सूचनापत्र लालसर तपकिरी रंग सुचवते. उन्हापावसातले लाकूड तसे राहत नाही, राखाडी पडते. मी आमच्या जुन्या वाड्याच्या दाराची चौकट समोर ठेवूनच शेवटचा राखाडी हात दिला.

ढालींच्या बाबतीत खोक्यावरचे चित्र सरळ बाजूला ठेवावे. त्यावर लाल-निळ्या ढाली आहेत, तर उत्खननात एका बाजूला ३२ याप्रमाणे ६४ ढाली होत्या आणि त्या आलटून पालटून काळ्या व पिवळ्या रंगवलेल्या होत्या. संचात त्या चौसष्टच्या चौसष्ट मिळतात, पण त्या रंगवण्यात माझे दोन आठवडे गेले. नाळेवरचे ड्रॅगनचे डोके हा मात्र अंदाज आहे, कारण जहाजाच्या दोन्ही टोकांचे वरचे भाग मातीत कुजून गेले होते. मुलीच्या आग्रहाखातर मी ते बसवले.

प्लास्टिकची डोलकाठी दोऱ्या ताणताच वाकली. तिच्या जागी बांबूची कामटी तासून लावली. शीडही संचातले वापरले नाही. वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा चहाच्या पाण्यात बुडवून, पातळ फेव्हिकॉलने ताठ करून परबाणाला (शिडाच्या आडव्या काठीला) बांधला. दोऱ्यांचा सुती दोरा मेणावरून ओढून घेतल्यास त्यावर सुटे तंतू राहत नाहीत. झटपट चिकटणारा गोंद ढालींजवळ वापरू नका. त्याच्या वाफेने माझ्या चार काळ्या ढालींवर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर आला आणि त्या नव्याने रंगवाव्या लागल्या.

आठ महिन्यांत रंग कुठेही उडालेला नाही, मात्र तीन वल्ही निखळून पडली, कारण ती मी रंगवलेल्या पृष्ठभागावर चिकटवली होती. चिकटवण्याच्या जागेवरचा रंग खरवडून पुन्हा लावल्यापासून ती घट्ट आहेत. धूळ ही खरी डोकेदुखी आहे: ढालींच्या मागे ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे काचेची पेटी मी आता करायला टाकली आहे.